सकाळी डाऊन, संध्याकाळी अप

परळ-दादरला राहणाऱ्या माणसाला महापेला किंवा बेलापूरला नोकरी लागली की पेढा तोंडात असतानाच कुणीतरी म्हणतं, "बरंय की, तुला उलटं जायचंय. रस्ता मोकळाच." ही समजूत मुंबईकरांना लोकलने दिली. सकाळी सीएसएमटीकडे जाणाऱ्या अप गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि त्याच वेळी शेजारच्या रुळावरून निघालेल्या डाऊन गाडीत खिडकी मिळते. लोकलच्या बाबतीत हा हिशेब अजूनही बराचसा खरा आहे. मोटारीने जायचं ठरवलं तर मात्र तो तपासून घ्यावा लागतो, कारण रुळावर अप आणि डाऊन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, रस्त्यावर येतात.

शहरात राहून बाहेर कामाला जायची वेळ मुंबईवर आली ती तिच्या आकारामुळे. दक्षिणेच्या टोकाला फोर्टातल्या कचेऱ्या, त्यांच्या वर गिरणगाव, आणि राहती घरं मात्र वर्षागणिक उत्तरेकडे सरकत बोरिवली, डोंबिवली, बदलापूरपर्यंत गेलेली. सगळं शहर रोज सकाळी एका टोकाकडे कलंडायचं. हा भार वाटून घ्यावा म्हणून १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. १९७३ मध्ये वाशीचा पहिला खाडीपूल वाहतुकीला खुला झाला आणि त्याच वर्षी अंधेरीत सीप्झ उभं राहिलं. मस्जिद बंदरचे कांदा-बटाटा, मसाले आणि धान्याचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला हलले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले. हिऱ्यांचा व्यापार २०१० च्या सुमारास ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांतून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये गेला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जिथे रसायनांचे कारखाने होते, तिथे ऐरोलीपासून महापेपर्यंत काचेच्या इमारती आल्या. घरं आधी बाहेर गेली होती, आता कामंही त्यांच्यामागे गेली. जे गिरगाव-परळ सोडून गेले नाहीत, ज्यांना पुनर्विकासात तिथेच घर मिळालं, त्यांची दिशा आपोआप उलटली.

अमेरिकेत हे आधीच घडून गेलं आहे. शिकागोच्या मध्यवस्तीत १९७३ मध्ये सीअर्स टॉवर पुरा झाला तेव्हा ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. पुढे १९९२ मध्ये त्याच सीअर्स कंपनीने आपलं मुख्यालय हॉफमन इस्टेट्स या दूरच्या उपनगरात नेलं. शहराला वायव्येच्या उपनगरांशी जोडणाऱ्या केनेडी एक्स्प्रेसवेच्या मधोमध दिशा बदलता येणाऱ्या दोन मार्गिका आहेत. सर्वसाधारणपणे त्या सकाळी शहराकडे वाहतात आणि दुपारनंतर बाहेरच्या बाजूला. १९६० साली रस्ता खुला झाला तेव्हा ही व्यवस्था अगदी योग्य होती, कारण कामं शहरात होती. कामं बाहेर गेल्यावर सकाळी बाहेर निघालेलेही रांगेत अडकू लागले आणि त्या दोन जादा मार्गिका मात्र समोरून येणाऱ्यांच्या वाट्याला.

त्याहून जवळचं उदाहरण पुण्याचं. कोथरूड किंवा शिवाजीनगरला राहून हिंजवडीला जाणारा माणूस नकाशावर पाहिला तर शहरातून बाहेर चाललेला आहे. पण वाकड, भूमकर चौक आणि हिंजवडीचा शिवाजी चौक सकाळी ज्याने पाहिले आहेत त्याला हे सांगायला नको की तो सगळ्यांत मोठ्या लोंढ्यातच आहे. सकाळच्या वेळी तिथे त्यातल्या त्यात मोकळा रस्ता मिळतो तो हिंजवडीला राहून कॅम्पात कामाला येणाऱ्याला. म्हणून पहिली चौकशी करायची ती गावाचा मध्य कुठे आहे याची नव्हे, तर सकाळी नऊ-साडेनऊला माणसं कुठल्या फाटकातून आत शिरतात याची.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेलं गणित. ते अवघड नाही आणि एकदा समजलं की सकाळी कितीला निघायचं हा प्रश्न निम्मा सुटतो.

रस्त्यावर गाड्या वाढल्या की वेळ त्याच प्रमाणात वाढत नाही. अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागाने १९६४ मध्ये मांडलेलं एक सूत्र वाहतूक अभियंते आजही वापरतात. त्यानुसार रस्ता क्षमतेच्या निम्मा भरलेला असेल तर मोकळ्या रस्त्याच्या तुलनेत वेळ जेमतेम एक टक्का जास्त लागतो. ऐंशी टक्के भरला तर सहा टक्के. पुरा भरला की पंधरा, आणि क्षमतेच्या वर वीस टक्के गाड्या आल्या की एकतीस टक्के. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर थोड्याशा गाड्या कमी असणंही फार मोलाचं असतं. उलट दिशेने जाणाऱ्याचा फायदा इथेच आहे. त्याच्या बाजूला गाड्या निम्म्या असायची गरज नाही, पाव हिश्श्याने कमी असल्या तरी पुरतं. आणि धोकाही इथेच आहे, कारण तेवढ्या गाड्या वाढल्या की फायदा संपला.

हे झालं सरळ रस्त्याचं. खरा वेळ खाते ती रांग. समजा एका पुलाच्या तोंडातून तासाला ३,००० गाड्या जाऊ शकतात आणि आठ वाजल्यापासून तासाला ३,३०० गाड्या यायला लागल्या. नऊ वाजता ३०० गाड्या तुंबलेल्या असतील, आणि त्या वेळी शेवटी येऊन उभा राहिलेला माणूस सहा मिनिटं थांबेल. दहा वाजता ६०० गाड्या, बारा मिनिटं. दहानंतर गर्दी ओसरून तासाला २,७०० गाड्या यायला लागल्या तरी साचलेल्या ६०० संपायला आणखी दोन तास जातात. गर्दीची वेळ दहाला संपली, रांग बाराला. ऑफिसची वेळ कधीच उलटून गेली, तरी अजून एवढी गर्दी कशी, असं आपण म्हणतो त्याचं उत्तर हे आहे. यातून निघणारा नियम असा, की अर्धा तास लवकर निघण्याने जे मिळतं ते अर्धा तास उशिरा निघण्याने मिळत नाही. रांग बांधली जायच्या आत त्या तोंडातून पार व्हायचं. आठच्या रांगेसाठी घरून कितीला निघायचं हे त्या तोंडापासून मागे मोजायचं, ऑफिसच्या वेळेपासून नव्हे.

प्रत्येक उलट प्रवासात असं एक तोंड असतंच, आणि ते बहुधा शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये असतं. सायनहून पूर्व द्रुतगती महामार्गाने ऐरोलीला निघालेल्याचं उदाहरण घ्या. घाटकोपर, विक्रोळी, भांडुपपर्यंत तो ठाण्याहून येणाऱ्या लोंढ्याच्या विरुद्ध चाललेला असतो. ऐरोली पुलाकडे वळला की मात्र मुलुंड आणि ठाण्याहून त्याच कार्यालयांकडे निघालेल्यांत मिसळतो. तिथून पुढे तो उलटा राहत नाही.

आता ते रस्त्यावर अप आणि डाऊन एकमेकांच्या वाटेत येण्याचं. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणजे उजवीकडे वळायचं तर समोरून येणारी गर्दी ओलांडावी लागते. उलट दिशेने जाणाऱ्याच्या समोरून नेमका लोंढा येत असतो. त्यामुळे सरळ जाताना जो रस्ता त्याला मोकळा वाटतो, त्याच रस्त्यावर उजवं वळण घेताना तो जास्तीत जास्त थांबतो. वेगळा उजवीकडचा सिग्नल नसलेल्या चौकात तर समोरचा दिवा लाल व्हायच्या बेतात असताना दोन-तीन गाड्या घुसतात, त्यामागचे पुन्हा पुढच्या फेऱ्याची वाट पाहतात. वळण्यासाठीची जागा चारच गाड्यांची असेल तर पाचवी गाडी सरळ जाणाऱ्यांची मार्गिका अडवून उभी राहते आणि मागे हॉर्न सुरू होतात. दुसरी गोष्ट सिग्नलच्या मेळाची. एकामागून एक सिग्नल असे लावता येतात की ठरावीक वेगाने जाणाऱ्याला ओळीने हिरवेच मिळावेत. हा मेळ साहजिकच गर्दीच्या दिशेसाठी बसवतात. उलटं जाणाऱ्याला मग तेच सिग्नल एकेक करून लाल मिळत जातात, रस्ता रिकामा असूनही. म्हणून मार्ग निवडताना किलोमीटर मोजण्याआधी उजवी वळणं आणि सिग्नल मोजावेत. दोन किलोमीटर लांबचा पण उड्डाणपुलांचा आणि डाव्या वळणांचा रस्ता मी केव्हाही पसंत करेन.

मुंबईच्या जुन्या शहरातून पूर्वेला जायला या कसोटीवर सर्वांत चांगला उतरतो तो पूर्व मुक्त मार्ग, म्हणजे फ्रीवे. पी. डि'मेलो रस्त्यावरून सुरू होणारा, जवळजवळ सतरा किलोमीटरचा हा रस्ता जून २०१३ मध्ये पहिल्यांदा खुला झाला आणि त्याचं शेवटचं अंग पुढच्या वर्षी जोडलं गेलं. वर चढलं की सिग्नल नाहीत. चेंबूरला पांजरापोळजवळ उतरून सायन-पनवेल महामार्ग धरायचा, नाहीतर शेवटपर्यंत जाऊन घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याला लागायचं. या जोडरस्त्यावर २०२१ पासून उड्डाणपूल आहे. फ्रीवेचं वैगुण्य हे की मध्ये उतरायच्या जागा मोजक्या. पुढे एखादी गाडी बंद पडली तर मागच्यांना दुसरा मार्गच राहत नाही. म्हणून फोनवर नकाशा पाहायचा तो घरातून निघताना नव्हे, फ्रीवेवर चढायच्या आधी. दुचाकींना फ्रीवे बंद आहे, तेव्हा हा सगळा हिशेब चारचाकीचाच.

बेलापूर, उलवे, पनवेलकडे जाणाऱ्यांना जानेवारी २०२४ पासून शिवडीचा अटल सेतू आहे. २१.८ किलोमीटर लांबी, त्यातले सोळा-साडेसोळा किलोमीटर पाण्यावरून, मोटारींना शंभराचा वेग. सेतू सुरू झाला तेव्हा मोटारीला एका वेळचे २५० रुपये आणि परतीसह ३७५ रुपये असा पथकर ठरला. महिन्याचा पास १२,५०० रुपयांचा. महिन्याला बावीस दिवस परतीचा पथकर भरला तर ८,२५० रुपये होतात. पास परवडायला महिन्यात तेहतीसहून जास्त दिवस जावं-यावं लागेल. म्हणजे रोज एकदा जाऊन येणाऱ्या नोकरदाराला पासाचा उपयोग नाही. बेलापूरपर्यंत वाचणारी मिनिटं या रकमेला तोलतात का, हे ज्याचं त्याने ठरवावं. ऐरोली-महापेकडे जाणाऱ्याला मात्र हा सेतू दूरवर नेऊन सोडतो, त्यांनी त्याच्या नादी लागू नये. वाशी आणि ऐरोलीच्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा पथकर ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाला. त्याआधी तो एका वेळेला ४५ रुपये होता.

या दिशेची एक अडचण नकाशात दिसत नाही. मुंबईहून नवी मुंबईला जाणारा सकाळी पूर्वेला जातो आणि संध्याकाळी पश्चिमेला येतो. दोन्ही वेळा सूर्य थेट डोळ्यांत. वाशीच्या पुलावर इमारतींचा आडोसा नाही, पाण्यावरून येणारी तिरीप वेगळी. नवी मुंबईहून शहरात येणाऱ्याच्या मात्र दोन्ही वेळा पाठीशी ऊन. हिवाळ्यात सूर्य उशिरा वर येतो तेव्हा ऑफिसची वेळ आणि ही तिरीप एकत्र येतात. समोरच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागलेले कळत नाहीत. समोरची काच आतून रोज पुसायची, कारण आतल्या बाजूला बसलेला धुळीचा आणि तेलकटपणाचा थर उन्हात पांढरा पडदा होतो. सनग्लास गाडीतच ठेवायचे. आणि अंतर राखायचं. हे मी आग्रहाने सांगतो, कारण मोकळ्या रस्त्यावर वेग जास्त असतो आणि त्यामुळे उलट दिशेच्या प्रवासात मागून ठोकलं तर मार रांगेतल्यापेक्षा मोठा बसतो.

सकाळ आणि संध्याकाळ सारख्या नसतात. सकाळी शाळा, कचेऱ्या ठरावीक वेळेला सुरू होतात, म्हणून गर्दी आखूड आणि एका दिशेची. संध्याकाळी कुणी सहाला सुटतं, कुणी आठला, कुणी खरेदीला, कुणी क्लासवरून मुलाला आणायला निघतं. गर्दी लांबते आणि दोन्ही दिशांना पसरते. दादरच्या बाजारासाठी, लग्नांसाठी, नाटकाच्या प्रयोगांसाठी शहराकडे येणारेही त्यात असतात. म्हणून सकाळी पंचावन्न मिनिटं लागली तर संध्याकाळी तेवढीच लागतील असं धरून कुणालाही घरी यायची वेळ सांगू नये. शिवाय आयटी पार्कच्या फाटकातून बाहेर पडणं हाच एक वेगळा टप्पा असतो. कंपन्यांच्या बस एकाच वेळी सुटतात, तळघरातल्या पार्किंगचा उतार एकच, आणि फाटकाशी अडसर उचलणारा एकच माणूस. बस सुटायच्या दहा मिनिटं आधी निघालेला माणूस रस्त्यावर आलेला असतो तेव्हा मागचा अजून तळघराच्या उतारावर क्लच दाबून उभा असतो.

आठवड्याचाही एक क्रम आहे आणि तो उलटं जाणाऱ्याच्या बाजूचा आहे. शुक्रवारी संध्याकाळी सायन-पनवेल महामार्ग पुण्याकडे आणि कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांनी भरतो. आपण शहराकडे येत असतो. सोमवारी सकाळी तेच लोक परत येतात तेव्हा आपण बाहेर चाललेले असतो. गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत मात्र सकाळपासूनच कोकणाकडे रीघ लागते आणि ती आपल्याच बाजूला. गणपतीच्या दहा दिवसांत लालबाग-परळमध्ये मंडळांसाठी रस्ते बंद होतात आणि वळवले जातात. ६ डिसेंबरच्या आसपास दादरला चैत्यभूमीकडचे रस्तेही असेच बदलतात. हे दिवस आधीच दिनदर्शिकेवर खुणावून त्या दिवशी लोकलने जावं.

पावसाळ्यात घरी येतानाची बाजू अवघड. सायन, गांधी मार्केट, हिंदमाता हा सखल पट्टा जुन्या शहराच्या तोंडाशीच आहे. जोरदार पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एका वेळी आली की पाणी समुद्रात जात नाही. हिंदमाताला महापालिकेने पाणी साठवायच्या भूमिगत टाक्या बांधल्यापासून तिथे फरक पडला आहे, तरी सगळ्या पट्ट्यावर भरवसा ठेवता येत नाही. भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात छापून येतात. त्या पाहून ठरवायचं, की आज फ्रीवेने वरून यायचं की ऑफिसात तास-दोन तास थांबायचं. साचलेल्या पाण्यात गाडी घालून इंजिन बंद पडलं तर ते पुन्हा पुन्हा सुरू करू नये. आत पाणी ओढलं गेलं की दुरुस्तीचा खर्च काही पटींनी वाढतो.

तेव्हा नियोजन करायचं ते सरासरीवर नाही. समजा दहा दिवसांत नऊ दिवस पन्नास मिनिटं लागली आणि एक दिवस ऐंशी. सरासरी येते त्रेपन्न. त्रेपन्न धरून निघणारा माणूस त्या दहाव्या दिवशी जवळजवळ अर्धा तास उशिरा पोहोचतो, आणि साहेबांच्या लक्षात तोच दिवस राहतो. अमेरिकेचं महामार्ग खातं प्रवासाची खात्री मोजताना वीसपैकी एकोणीस दिवस वेळेवर पोहोचायला किती वेळ हाताशी ठेवावा लागेल हे पाहतं. हीच रीत घरी वापरता येते. फोनवरच्या नकाशात निघण्याची वेळ आणि वार टाकला की तो 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा पल्ला दाखवतो. त्यातला मोठा आकडा घ्यायचा. नोकरी स्वीकारण्याआधी मंगळवार किंवा बुधवार धरून एकदा प्रत्यक्ष जाऊन यावं. रविवारची फेरी काहीच सांगत नाही. महत्त्वाच्या बैठकीच्या दिवशी त्या मोठ्या आकड्यावर आणखी पंधरा मिनिटं ठेवावीत, बाकीच्या दिवशी दहाच्या ऐवजी साडेनऊची हजेरी मागून घ्यावी. रांग बांधायच्या आत पार होण्यासाठी तो अर्धा तास फार उपयोगी पडतो, आणि संध्याकाळीही तेवढंच आधी सुटता येतं.

खर्चाचं थोडक्यात. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, लिटरला पंधराचं ॲव्हरेज, म्हणजे दिवसाला चार लिटर. शंभराच्या पुढच्या भावाने महिन्याला नऊ हजारांच्या आसपास नुसतं पेट्रोल. त्यात पार्किंग, टायर, सर्व्हिसिंग वेगळं. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास काही शे रुपयांत येतो, आणि सकाळच्या डाऊन गाडीत बसायला जागा मिळते. ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स हार्बरने ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे गाठता येतं. ज्याचं ऑफिस या स्थानकांपासून चालत जाण्यासारखं आहे, त्याने मोटार का काढावी हे मला समजत नाही. रात्री उशिरा सुटणारे, सोबत सामान नेणारे, वाटेत आजारी आईवडिलांकडे डोकावणारे, ज्यांचं ऑफिस स्थानकापासून आत आहे असे, यांच्यासाठी मोटारीला खरा अर्थ आहे. आठवड्यातले दोन दिवस गाडी आणि तीन दिवस लोकल, ही मांडणी पुष्कळांना मानवेल.

घर किंवा नोकरी दहा वर्षांच्या हिशेबाने निवडणाऱ्याने आजचा मोकळा रस्ता कायमचा धरू नये. जुन्या शहरात पूर्व-पश्चिम जाणारे पूल एकेक करून नव्याने बांधायला घेतले आहेत. सायनचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला. प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी बंद झाला आणि त्याबरोबर वरळीकरांची फ्रीवेपर्यंतची वाटच बदलली. ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत भुयारी मार्गाचं काम हाती घेतलं आहे. तो झाला की फ्रीवे आणि सागरी किनारा रस्ता जोडले जातील, आणि फ्रीवेवर पश्चिमेकडची वाहनंही येतील. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता पुरा झाला की कांदिवली-मालाडहून ऐरोलीला जाणारे थेट मुलुंडला उतरतील, म्हणजे आधीच भरलेल्या त्याच पुलाच्या तोंडाशी. ऐरोलीला नोकरी घेणाऱ्या परळकराने महामार्गापेक्षा या पुलाकडे लक्ष ठेवावं, आणि निवड हातात असेल तर ऐरोलीच्या नव्हे, ठाणे-बेलापूर रस्त्याला दक्षिणेकडून जाता येईल अशा महापे-तुर्भेच्या बाजूच्या कामाला झुकतं माप द्यावं. तिकडे जायला वाशीचे खाडीपूल आता तीन आहेत.